खराट्याचे कीर्तन : श्रीसंत गाडगेमहाराज

कीर्तनाला उभे राहणे सोपे, पण श्रोत्यांच्या अंतःकरणात जाऊन बसणे फार कठीण, ही गोष्ट नारदाच्या गादीवर एकदा तरी उभा राहिलेला प्रत्येक जण जाणतो. मृदंग गोड वाजत असतो, टाळकरी सुरात असतात, बुवांचे पाठांतर दांडगे असते, प्रमाणामागून प्रमाण येत असते; आणि तरी मंडपाच्या कडेला मंडळी डुलक्या घेत असतात. दुसऱ्या दिवशी पारावर कोणी विचारावे, काल बुवांनी काय सांगितले? तर उत्तर येते, फार छान सांगितले. काय छान सांगितले, ते मात्र कोणालाच आठवत नाही! असे का व्हावे? बुवा विद्वान नव्हते म्हणून? तसे म्हणवत नाही. आवाज नव्हता म्हणून? तेही नाही. मग चुकते कुठे?

या प्रश्नाचे उत्तर ज्यांच्या आयुष्यात सापडते असे एक सत्पुरुष आपल्या महाराष्ट्रात होऊन गेले. त्यांना अक्षरओळख नव्हती. अंगावर चिंध्या, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीचा तुकडा, हातात खराटा आणि फुटके मडके. पण ते उभे राहिले की हजारोंचा जमाव भान हरपून ऐके, आणि नुसता ऐकून घरी जाईना, काही तरी ठरवून घरी जाई. ते म्हणजे श्रीसंत गाडगेमहाराज. त्यांचे चरित्र कीर्तनकारांनी, प्रवचनकारांनी, आणि शाळेत मुलांपुढे उभे राहणाऱ्या मास्तरांनीही, डोळ्यांपुढे ठेवावे असे आहे.

बालपण आणि पहिला धडा

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव या खेड्यात परीट कुळात झाला. वडिलांचे नाव झिंगराजी, आईचे सखुबाई, आडनाव जानोरकर, आणि मुलाचे नाव देबूजी. घरची स्थिती वाईट नव्हती. पण दारूने घर धरले. वडील त्या व्यसनापायी लवकर गेले. सखुबाई लहानग्या देबूला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे गावी माहेरी आली. पोरगा मामाच्या घरी वाढला. गुरे राखावी, नांगर धरावा, नदीत मनसोक्त पोहावे, आणि रात्री भजनात बसावे, असा त्याचा दिनक्रम. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही.

मामाची शेती चांगली होती. पण सावकाराच्या कागदात ती अडकली. कागदावर काय लिहिले आहे ते वाचता येत नाही, आणि अंगठा तर उठवलेला आहे, अशी कुणब्याची जी दैना त्या काळी गावोगाव होती, तीच या घराची झाली. सावकाराची माणसे शेताचा ताबा घ्यायला आली तेव्हा तरुण देबूजी आडवा उभा राहिला आणि त्याने त्यांना पिटाळून लावले, असे चरित्रकार सांगतात. पुढे कीर्तनात बाबा कर्जाविरुद्ध आणि अडाणीपणाविरुद्ध इतक्या पोटतिडकीने का बोलत, याचे मूळ इथे आहे. ते विषय त्यांनी ग्रंथातून काढलेले नव्हते. दारूने बाप नेला, कर्जाने मामाचे घर बुडाले. जे अंगावर आले तेच तोंडावाटे आले. म्हणून ते ऐकणाऱ्याच्या काळजाला जाऊन भिडले.

१८९२ मध्ये कुंताबाईंशी त्यांचे लग्न झाले. पहिल्या मुलीच्या बारशाची गोष्ट प्रसिद्ध आहे. जातीच्या रिवाजाप्रमाणे अशा वेळी मटण आणि दारू यांची पंगत द्यायची. देबूजीने ती दिली नाही. गोडाधोडाचे जेवण केले. भाऊबंद रागावले, कुजबुज झाली. पण देबूजीने कोणाला व्याख्यान दिले नाही. पान वाढून दाखवले! आधी आपल्या घरात करायचे आणि मग चार लोकांत बोलायचे, ही त्यांची रीत तेव्हापासूनची.

घर सोडले, गाव धरले

१९०५ मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, देबूजीने घर सोडले. मागे आई, बायको, लेकरे. हा प्रसंग प्रापंचिकाला सहज पचणारा नाही, आणि त्या माउल्यांनी पुढे काय सोसले असेल याची कल्पना करूनच त्याकडे पाहावे. पण हा माणूस हिमालयात गेला नाही, मठ बांधून बसला नाही. तो खेड्यांतून हिंडू लागला. गावात शिरावे, कोणाला न विचारता खराटा घ्यावा, रस्ते झाडावे, गटारे उपसावी. भाकरी मिळाली तर मडक्यात घ्यावी आणि पुढे चालू लागावे. त्या मडक्यावरूनच लोक गाडगेबुवा म्हणू लागले. कोणी वेडा म्हणे, कोणी दगड मारी, पोरे मागे लागत. बाबा हसत आणि झाडत राहत.

पूर्णेच्या काठी ऋणमोचन म्हणून तीर्थ आहे. पौषात तिथे यात्रा भरते. घाट नसल्यामुळे यात्रेकरू चिखलातून घसरत, बायाबापड्यांचे हाल होत. बाबांनी तिथे स्वतः कुदळ-घमेले घेतले, लोकांना कामाला लावले, आणि १९०८ च्या सुमारास तिथे घाट उभा राहिला. एक चिंध्यावाला माणूस एकटा खणू लागतो, थोड्या वेळाने बघे लाजतात, मग दहा हात लागतात, मग शंभर! पुढे कीर्तनात त्यांनी जे साधले त्याचे बीज या घाटावर दिसते. माणसाला आज्ञा केली तर तो मागे सरतो. समोर काम सुरू केले तर त्याचे हात आपोआप शिवशिवतात.

दिवसा झाडू, रात्री कीर्तन

आता बाबांच्या कीर्तनाकडे वळू. आपल्या संप्रदायात कीर्तनाची एक बांधणी आहे. मागे टाळकरी, बाजूला विणेकरी आणि मृदंगवादक, निरूपणाला एक अभंग, त्याच्या एकेका चरणाचा उलगडा, मधून मधून चाली, शेवटी विठ्ठलनामाचा गजर. नारदीय कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग, त्यात आख्यान. बाबांनी यातली कोणतीच चौकट पाळली नाही. देवकीनंदन गोपाळाच्या नावाची एक साधी धून त्यांनी घ्यावी, टाळ्यांवर साऱ्या जमावाने ती उचलावी, आणि मग बोलणे सुरू. गादी नाही, हार नाही, बुक्का लावून घेणे नाही. पाया पडायला कोणी वाकला तर हातातली काठी उगारत.

पण हे कीर्तन रात्री सुरू होत नसे, ते सकाळीच सुरू झालेले असे, हे ध्यानात घेतले पाहिजे. दिवसभर बाबांनी त्या गावचे रस्ते झाडलेले असत. उकिरडा कुठे आहे, विहिरीपाशी घाण किती, दारूचे दुकान कोणत्या कोपऱ्यावर, कोणाच्या दारात लग्नाचा मांडव आणि त्यासाठी कोणी कर्ज काढले, हे सारे झाडता झाडता नजरेखालून गेलेले असे. रात्री ते जे बोलत ते त्या गावाचेच असे. आपले घर हा माणूस पाहून आला आहे, हे श्रोत्याला कळे, आणि मग डुलकी घ्यायची कोणाची छाती होणार! शिवाय ज्याने आपल्या दारातली घाण उचलली, त्याने चार शब्द कडू सुनावले तरी ते गोड करून घ्यावे लागतात. त्या कडू बोलण्याचा अधिकार त्याने दिवसा कष्टाने मिळवलेला असतो.

भाषा त्यांची वऱ्हाडी. मुंबईला गेले तरी वऱ्हाडी, कोकणात गेले तरी वऱ्हाडी. पण कोणाला अर्थ विचारावा लागला नाही. कारण शब्द सारे भाकरीचे, बैलाचे, विहिरीचे, लुगड्याचे, कर्जाच्या व्याजाचे. तुकोबारायांचे, कबीराचे वचन मधून येई. पण ते विद्वत्ता दाखवायला नव्हे. बोलता बोलता गाठ पक्की बांधायला दोरी लागावी तेवढेच.

प्रश्नाची किल्ली

बाबांच्या कीर्तनातली खरी किल्ली म्हणजे प्रश्न. ते सांगत कमी आणि विचारत जास्त. पहिला प्रश्न इतका सोपा की पोरगेही उत्तर देईल. सारा जमाव एकदम ओरडून उत्तर देई. दुसरा प्रश्न त्याच्या एक पायरी पुढे. तिसरा आणखी एक पायरी. लोक हसत हसत उत्तरे देत चढत जात, आणि शेवटच्या पायरीवर जे उत्तर त्यांच्याच तोंडून बाहेर पडे, ते त्यांच्याच घरातल्या एखाद्या वाईट चालीविरुद्धचा निवाडा असे! आता नाही म्हणायची सोय कुठे? बाबांनी आरोप केलाच नव्हता. न्यायाधीशही श्रोते, साक्षीदारही श्रोते, आणि आरोपीही श्रोतेच.

त्यांचा दिव्याचा दाखला अनेकांना ठाऊक असेल. गाभाऱ्यातला देव दिसतो कशाने? दिव्याने, असे लोक म्हणत. दिवा विझला तर दिसेल का? नाही दिसणार. मग मोठा कोण, देव की दिवा? आता श्रोते घोटाळत. देवाला आंघोळ कोण घालतो, धोतर कोण नेसवतो, नैवेद्याजवळ कुत्रे आले तर हाकलतो कोण, असे एकेक विचारून बाबा त्यांना तिथवर नेत, जिथे माणसाला कळावे की ज्याची आपण राखण करतो त्याच्यापाशी नवस बोलून बकरे कापण्यात अर्थ नाही. देव शोधायचा तर तो भुकेल्या, उघड्या, आजारी माणसाच्या ठिकाणी शोधावा.

इथे आपल्यापैकी काहींच्या मनात कालवाकालव होईल, आणि ती दडपून पुढे जाणे बरे नव्हे. ज्या पांडुरंगाच्या दर्शनासाठी आपण ऊन-पाऊस सोसत पायी जातो, त्याच्या मूर्तीविषयी असे प्रश्न विचारणारा माणूस आपला म्हणायचा का? बाबा वारीच्या वेळी पंढरीला जात, वाळवंट झाडत, यात्रेकरूंची घाण काढत, कीर्तन करीत. पण देवळात दर्शनासाठी जात नसत, असे त्यांचे सहवासी सांगतात. मग ते वारकरी होते की नव्हते? ज्याने त्याने आपल्या मनाशी ठरवावे. पण एवढे विचारात घ्यावे. आपल्या संतांनीही देवाच्या नावावर होणारी जीवहत्या निषिद्धच मानली, शेंदूर फासलेल्या क्षुद्र दैवतांची भीड धरली नाही, आणि रंजल्यागांजल्याला पोटाशी धरणारा तोच साधू असे सांगितले. बाबांनी तेच सांगितले, फक्त खराट्याच्या भाषेत. त्यांच्या तोंडी शेवटपर्यंत गोपाळाचे नाव होते, हेही विसरू नये.

आणखी एक खुबी. प्रश्नांचा ताण वाढला, जमाव ओशाळला, एखाद्याची मान खाली गेली, की बाबा तिथे थांबत नसत, टोचत बसत नसत. लगेच धून उचलत. हजारो कंठ एक होत, टाळ्या घुमत, आणि जो मघाशी शरमला होता तोही त्या गजरात मिळून जाई. घाव आणि मलम एकाच हाताने! श्रोत्याला उघडे पाडायचे, पण एकटे पाडायचे नाही, हे शहाणपण फार थोड्या वक्त्यांना साधते.

प्रबोधनकार ठाकरे यांनी बाबांचे चरित्र लिहिले. लेखणीचा एवढा धनी माणूस, पण या कीर्तनाचे चित्र शब्दांत उतरवणे आपल्या आवाक्याबाहेरचे आहे असे त्यांना वाटले. आचार्य अत्रे यांच्यासारखा सभा जिंकणारा वक्ताही बाबांच्या कीर्तनापुढे नमला. यात आश्चर्य नाही. अत्रे सभा जिंकत. बाबा माणसे जिंकत.

खारेपाटणची रात्र

१९२३ साली बाबा कोकणात खारेपाटण येथे होते. कीर्तन रंगात आले होते. तेवढ्यात निरोप आला की त्यांचा मुलगा गोविंद गेला. कुत्रे चावल्याचे निमित्त झाले होते. घर सोडून आलेला असला तरी बाप तो बापच! पण बाबांनी कीर्तन मोडले नाही. जगात रोज किती आयांची लेकरे जातात, एकासाठी काय रडायचे, अशा अर्थाचे काही बोलून त्यांनी पुढे चालू ठेवले.

ही गोष्ट सांगताना आपण नुसते वैराग्याचे कौतुक करतो. पण थोडे निराळे पाहू. त्या रात्री समोर बसलेल्यांतही लेकरू गमावलेल्या कित्येक माउल्या असतीलच. बाबांनी आपले दुःख त्यांच्या दुःखात मिळवून टाकले. वक्त्याचे दुःख मोठे आणि श्रोत्याचे लहान, असा भेद त्यांनी ठेवला नाही. असा माणूस दुसऱ्या दिवशी दारू सोडा म्हणाला, तर त्याचा शब्द कसा खाली पडेल?

पैसा आला, पण हाताला लागला नाही

कीर्तनाने लोक भारले की पैसा येतोच. इथेच भल्याभल्यांचा पाय घसरतो. तुकोबारायांनी कीर्तनाचा विक्रा करणाऱ्यांना किती कडक शब्दांत बजावले आहे ते वारकऱ्याला सांगायला नको. बाबांच्या पायाशी पैसा येऊन पडे. त्यांनी तो स्वतःकरिता घेतला नाही. त्यातून धर्मशाळा उठल्या. पंढरपूर, देहू, आळंदी, नाशिक अशा ठिकाणी गोरगरीब यात्रेकरूंना निवारा झाला. मूर्तिजापूरला गोरक्षण झाले. अन्नछत्रे, आश्रमशाळा, वसतिगृहे निघाली. कारभार विश्वस्तांकडे, स्वतः बाबा झाडाखाली किंवा झोपडीत, आणि जेवण चटणी-भाकरीचे.

यात पंढरपूरच्या चोखामेळा धर्मशाळेची गोष्ट वारकऱ्यांनी कायम ध्यानी धरावी. १९१७ मध्ये बाबांनी तिचे काम हाती घेतले. त्या काळी चोखोबांच्या जातीचे वारकरी शेकडो मैल चालून येत, आणि पंढरीत त्यांना टेकायला ओसरी मिळत नसे. विठ्ठलमंदिराचा दरवाजा त्यांना उघडला तो १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. म्हणजे देवळाच्या आधी तीस वर्षे बाबांनी त्यांच्यासाठी घराचे दार उघडून दिले. पुढे १९४९ मध्ये ही धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. एक निरक्षर, एक जगन्मान्य पंडित. पण दोघांचा एकमेकांविषयी मोठा आदर होता. कर्मवीर भाऊराव पाटलांशीही बाबांचा असाच जिव्हाळा. १९५४ मध्ये कराडला निघालेल्या रयत शिक्षण संस्थेच्या महाविद्यालयाला सद्‌गुरू गाडगेमहाराजांचे नाव देण्यात आले. पाटी न पाहिलेल्या माणसाचे नाव कॉलेजच्या पाटीवर!

संस्थांचा पसारा वाढला तेव्हा ८ फेब्रुवारी १९५२ रोजी श्रीगाडगेमहाराज मिशनची स्थापना झाली. बाबांनी शिष्य केला नाही, कोणाला मंत्र दिला नाही, गादी ठेवली नाही. आपण कोणाचे गुरू नाही आणि आपला कोणी शिष्य नाही, असे ते निक्षून सांगत.

शेवटचे कीर्तन

१९५६ च्या नोव्हेंबरात मुंबईला वांद्रे येथे बाबांचे कीर्तन झाले. वय ऐंशी, शरीर थकलेले. हे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले, म्हणून तो आवाज आजही ऐकायला मिळतो. ज्याने ऐकला नसेल त्याने जरूर ऐकावा. तेच प्रश्न, तेच एका दमात येणारे उत्तर, तीच धून. विषय तेच, देवाच्या नावावरचा नाहक खर्च, दारू, आणि मुलांना शाळेत घालणे. बाबासाहेबांचा दाखला देऊन बाबा सांगतात की त्यांच्या वडिलांना मुलाला शाळेत घालायची बुद्धी झाली, आणि त्यातून केवढा माणूस उभा राहिला! हाताशी पैसा नसेल तर जेवायचे ताट विका, भाकरी हातावर घ्या, बायकोला कमी किमतीचे लुगडे घ्या, पण पोराला शिकवल्याशिवाय राहू नका, हा त्यांचा सांगावा.

त्यानंतर महिनाभरातच, ६ डिसेंबर १९५६ रोजी, बाबासाहेब गेले. आणि २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जात असता वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी, वाटेतच, बाबांनी देह ठेवला. आयुष्यभर जो रस्त्यावर राहिला, त्याला शेवटही रस्त्यावरच आला. अमरावतीला त्यांची समाधी आहे. पुढे शासनाने २००० साली सुरू केलेल्या ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचे नाव दिले, अमरावतीच्या विद्यापीठालाही त्यांचे नाव मिळाले.

आपण काय घ्यावे

सज्जनहो, बाबांसारख्या चिंध्या पांघरून कोणी बाबा होत नाही, आणि त्यांच्यासारखे प्रश्न पाठ करून कोणाचे कीर्तन रंगत नाही. नक्कल करू गेले तर फजितीच व्हायची. आपली बांधणी, आपले अभंग, आपला मृदंग हे वैभव टाकायचे नाही. पण कीर्तनाला जाण्याआधी त्या गावात एक फेरी मारावी, हे आपल्याला जमेल की नाही? बिदागीची बोली करण्याआधी त्या गावात यंदा पीक कसे आहे, हे विचारता येईल की नाही? अभंगाच्या एका चरणावर दहा प्रमाणे देण्याऐवजी समोरच्या म्हातारीला तिच्या संसारातला एक साधा प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहता येईल की नाही? आणि जे आपण सांगतो त्यातले निम्मे तरी आपल्या घरी आधी झालेले असेल की नाही?

श्रोता लबाड नसतो, मायबाप असतो. बुवा आपल्यासाठी आला आहे की आपल्याकडून काही न्यायला आला आहे, हे त्याला पहिल्या गजरातच कळते. मन मोकळे दिसले तर तो पहाटेपर्यंत मांडी मोडत नाही. बाबांच्या कीर्तनाचे वर्म याहून निराळे नव्हते.

यंदा वारीत चंद्रभागेच्या वाळवंटात उतराल तेव्हा एक पत्रावळ, एक चिंधी उचलून कडेला टाका. तेवढेच बाबांचे कीर्तन आपल्या हातून घडेल.

रामकृष्णहरि.